पाणी कुठवर आलं होतं? वादळानंतरच्या खुणा, काठ्या आणि वाळूचा हिशोब

मोजपट्टी (धागाकर्ता)

वादळ येऊन गेलं की दोन आकडे हमखास नोंदले जातात: वारा किती होता आणि नुकसान किती झालं. या दोन्हींच्या मधला आकडा, म्हणजे समुद्राचं पाणी वस्तीत नेमकं किती उंच चढलं, तो मात्र बोलण्यातच राहतो. 'कमरेएवढं होतं.' 'पार शाळेच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं.' दहा वर्षांनी कमरेचं गळ्याएवढं होतं, शाळेच्या पायऱ्या नव्याने बांधल्या जातात आणि विषय संपतो. मग घराचं जोतं किती उचलायचं, बंधारा किती उंच घ्यायचा, असं कुणी विचारलं की जो तो हात वर करून दाखवतो.

अशा पाहण्यांमध्ये मी आधी टेपचं दुसरं टोक धरायला, मग काठी धरायला आणि शेवटी वही धरायला होतो. त्यातून जे कळलं ते इथे टाकतोय. जाणकारांनी भर घालावी, चुका काढाव्यात.

पहिली गोष्ट घाईची आहे. नदीचा पूर दोन-चार दिवस बसून राहतो. वादळी उधाणाचं पाणी बहुतेक ठिकाणी काही तासांत उतरतं. मागे उरतात त्या खुणा: भिंतीवरची गाळाची रेघ, कुंपणाच्या तारेत अडकलेला काडीकचरा, बंद खोलीत भिंतीला चिकटलेली बारीक बियांची आणि भुशाची ओळ. पुढच्या जोरदार सरीने यातल्या निम्म्या जातात, उरलेल्या लोक घर धुताना जातात. घर धुवायलाच हवं, त्यात त्यांची काही चूक नाही. म्हणून नियम एकच: आधी खूण पक्की करायची, उंची नंतर मोजायची. भिंतीत खिळा, ऑइलपेंटची आडवी रेघ, बाजूला तारीख. दोन फोटो: एक जवळून पट्टी लावून, एक लांबून, इमारत ओळखू येईल असा. उंची महिन्याभराने मोजली तरी चालते, खिळा पळून जात नाही. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था याच क्रमाने काम करते. २०१२ मध्ये सँडी चक्रीवादळ येण्याआधीच त्यांनी किनाऱ्यावर दोनशेहून जास्त ठिकाणी पाण्याची पातळी नोंदणारे दाबमापक बसवून ठेवले होते, आणि वादळानंतर माणसं भिंतीवरच्या रेघा शोधत गावोगाव फिरली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती कळायला मला दोन पाहण्या वाया घालवाव्या लागल्या. खूण पाण्याची आहे की लाटेची? पाण्याची पातळी तीन-चार कारणांनी चढते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर फुगतो, म्हणजे पन्नासने उतरला तर अर्धा मीटर. त्याहून मोठा वाटा वाऱ्याचा असतो. तो उथळ समुद्रावरून पाणी किनाऱ्याकडे ढकलत आणतो. त्यात त्या वेळची भरती मिळते. लाटा फुटतात तिथे त्यांच्या रेट्याने पातळी आणखी थोडी वर धरली जाते. आणि हे सगळं झाल्यावर त्या फुगलेल्या पाण्यावरून सुटी लाट उतारावर सरसरत जाते आणि परत येते. ती जिथवर पोचते तिथे कचऱ्याची ओळ ठेवून जाते.

माझ्या पहिल्या पाहणीत मी उघड्या पुळणीमागच्या चढावरची कचऱ्याची ओळ 'पुराची उंची' म्हणून लिहिली. शंभर पावलांवर एका गोदामाच्या आतली रेघ त्याहून जवळजवळ दीड मीटर खाली होती. मला वाटलं गोदामाची रेघ चुकीची. प्रत्यक्षात गोदामात संथ पाण्याची पातळी उमटली होती आणि चढावर लाटेची धाव. दोन्ही खऱ्याच. मी दोन्ही एका रकान्यात लिहिल्या ही चूक.

तेव्हापासून शोध आतल्या खोल्यांपासून सुरू करतो. दारं लावलेली, समुद्राकडे तोंड नसलेली खोली सगळ्यात उत्तम. पाणी फटींतून हळूहळू आत शिरतं, लाटांची उसळी बाहेरच राहते. जिन्याखालची जागा, कपाटाचा आतला भाग, बंद पडलेल्या विजेच्या मीटरची पेटी, इथल्या रेघा बोटभर रुंदीच्या आणि सरळ असतात. खुणेला दर्जाही द्यायचा. त्याच अमेरिकी पद्धतीत 'उत्कृष्ट' खूण म्हणजे दीड सेंटीमीटर इकडेतिकडे, 'चांगली' तीन, 'बरी' सहा, 'कच्ची' बारा. कच्ची खूण टाकून देऊ नका, फक्त कच्ची म्हणून लिहा.

वाळूच्या धुपीबद्दल मला कमी कळतं. त्यावर कुणीतरी लिहाच.

खारवारा

वाचनखूण साठवली. पण एक सांगू का, राग मानू नका. मी अशा पाहणीच्या दुसऱ्या बाजूला होतो. घरातली गादी उन्हात, भांडी अंगणात, आणि चौथ्या दिवशी चार माणसं टेप घेऊन थेट आत. 'पाणी कुठवर होतं?' विचारलं, भिंतीला पट्टी लावली, फोटो काढला, गेली. आम्हाला वाटलं भरपाईची यादी असेल. दोन महिने वाट पाहिली! ती यादी नव्हती हे त्यांनी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक. तेव्हा आमच्या घरातल्या प्रत्येकाने वेगळी उंची सांगितली होती आणि सगळे खरं बोलत होते.

मोजपट्टी

खारवारा, राग कसला, हे धाग्यातच लिहायला हवं होतं. दारात उभं राहिल्यावर पहिलं वाक्य तेच असलं पाहिजे: आम्ही भरपाईवाले नाही, आम्ही पाण्याची उंची लिहायला आलोय, नाही म्हणालात तरी चालेल. घरमालकाचं नाव आमच्या नकाशावर जात नाही, फक्त खुणेचा क्रमांक जातो. आणि माणसं अजून ढिगारा उपसत असतील तर टेप पिशवीतच ठेवायचा आणि आधी हात लावायचा. त्या दिवशी बाहेरच्या, कुणाच्याही नसलेल्या भिंती करून घ्याव्यात.

वेगळ्या उंचीचं म्हणाल, तर त्याचा उपाय सोपा आहे. 'किती' विचारायचंच नाही. 'तुम्ही कुठे उभे होतात? तिथे उभे राहून दाखवा' म्हणायचं. कमर म्हणजे त्या माणसाची कमर, त्याच जागेवर, आणि तिथल्या जमिनीपासून मोजलेली. आजी ओट्यावर होत्या आणि नातू अंगणात होता, मग दोघांची कमर वेगळी येणारच. चौघांना एकत्र बसवून विचारलं तर सगळ्यात मोठ्या आवाजाचं उत्तर मिळतं, म्हणून एकेकट्याला विचारतो. वेळही विचारावी: दिवे गेले त्याआधी की नंतर, ओहोटी लागायच्या वेळी की भरतीच्या. भिंतीवरची रेघ वेळ सांगत नाही, ती फक्त माणसं सांगतात. आणि हल्ली मोबाइलवरचे व्हिडिओ. फाइल थेट मागून घ्या, फिरत आलेल्या व्हिडिओतली मूळ वेळ बहुधा पुसलेली असते.

शंकासूर

लेख बरा आहे, पण हा पाणी-की-लाट भेद जरा पुस्तकी वाटतो. माझं घर संथ पाण्याने पडलं काय आणि लाटेने पडलं काय. पाणी जिथवर आलं ती रेघ घ्या, नकाशात टाका, मोकळे व्हा.

पाणसळ

शंकासूर, एक जुनी गोष्ट सांगतो. मार्च १८९९, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला बाथर्स्ट बे. 'महिना' नावाचं चक्रीवादळ (होय, नाव तेच, पण आपल्या महिन्याशी संबंध नाही). मोती काढणाऱ्या बोटींचा ताफा बुडाला, तीनशेहून जास्त माणसं गेली. जवळच एका पोलीस शिपायाचा तळ समुद्रापासून चाळीसेक फूट उंचीच्या टेकाडावर होता आणि तिथे कमरेएवढं पाणी आलं, असं त्याने सांगितलं. त्यावरून जगातलं सर्वांत उंच वादळी उधाण म्हणून तेरा मीटरचा विक्रम नोंदला गेला. शंभर वर्षांनी, २००० च्या सुमारास, संशोधक तिथे वाळूचे थर आणि कचऱ्याच्या जुन्या ओळी शोधायला गेले. त्यांना पाच मीटरच्या वर पुरावा मिळेना. पुढच्या अभ्यासात त्याहून उंचावर थर सापडले, तरी तेरा मीटरला ते पोचत नाहीत, आणि उरलेली उंची लाटांच्या धावेची होती का यावर चर्चा चालूच राहिली. शिपाई खोटं बोलला असं कुणी म्हणत नाही. तो आकडा कशाचा, एवढाच प्रश्न आहे, आणि तो त्या दिवशी कुणी लिहून ठेवला नाही.

आता उलट बाजू. नोव्हेंबर २०१३, हैयान चक्रीवादळ, फिलिपिन्स. टॅक्लोबान शहर खाडीच्या उथळ टोकाशी, तिथे पाणी साधारण पाच-सहा मीटर चढलं, ते वाऱ्याने ढकललेलं, सगळ्यांना समजेल असं. पण समर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं हेर्नानी गाव उघड्या, खोल समुद्रासमोर आहे, पुढे प्रवाळाचा कट्टा. तिथे वाऱ्याने पाणी फारसं चढायला नको होतं. चित्रीकरणात दिसतं ते असं: त्सुनामीसारखी पाण्याची भिंत येते आणि घरं उचलून नेते. नंतरच्या अभ्यासात निघालं की मोठ्या लाटांचे गट कट्ट्यावर फुटून त्यातून मिनिटभराच्या कालावधीची लांब लाट तयार झाली होती. जो कट्टा राखील असं वाटलं होतं त्यानेच घात केला. नुसती 'रेघ' घेऊन आला असता तर दोन्ही गावांना सारखीच उंची लिहिली असती आणि दोघांनाही सारखाच बंधारा सुचवला असता.

संथ पाण्याला जोतं उचलणं पुरतं. लाटेला भिंतीची ताकद लागते, नाहीतर मागे सरावं लागतं. घर पडलं ते कशाने, हे त्यासाठी हवं.

शंकासूर

हेर्नानीचं माहीत नव्हतं. बरं, घेतले शब्द मागे. निम्मे.

नवखी_लाट

मला एक बावळट प्रश्न आहे. धागा वाचून मोबाइलवर उंची दाखवणारं ॲप टाकलं आणि किनाऱ्यावर पाण्यालगत उभी राहिले. उंची दाखवतंय उणे ६१ मीटर. मी समुद्राखाली आहे का? 😅

अक्षांश

बावळट अजिबात नाही, या प्रश्नावर भल्याभल्यांच्या पाहण्या बुडाल्यात.

उपग्रह तुमची उंची समुद्रापासून मोजत नाहीत. ते पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती अंडगोल धरतात आणि त्यापासून मोजतात. खरा समुद्र गुरुत्वाकर्षणाप्रमाणे कुठे फुगलेला तर कुठे खोलगट असतो. या खऱ्या पृष्ठाला जिऑइड म्हणतात. जगातला सगळ्यात मोठा खड्डा हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे, तिथे जिऑइड अंडगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली जातो. त्या खड्ड्याचा उतार भारताच्या किनाऱ्यांपर्यंत येतो, म्हणून इथे पाण्यालगत उभं राहिलं तरी न सुधारलेला आकडा उणे साठच्या घरात येऊ शकतो. काही फोन हे स्वतःच सुधारून दाखवतात, काही नाही, आणि ॲप ते सांगत नाही. शिवाय फोनची आडवी चूकच मोकळ्या जागेत तीन-पाच मीटर असते, उभी त्याहून जास्त. तेव्हा फोनने जागा नोंदवा, उंची अजिबात नाही.

यातूनच 'उंची कशापासून?' हा प्रश्न येतो. सँडीचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्कच्या बॅटरी इथलं भरतीमापक, एकच शिखर, एकच रात्र. ओहोटीच्या सरासरी नीचतम पातळीपासून मोजलं तर ४.२९ मीटर. जमिनीच्या सर्वेक्षणाच्या शून्यापासून मोजलं तर ३.४४ मीटर. आणि त्या वेळी नुसती भरती जेवढी असायला हवी होती त्याच्या वर किती, असं विचारलं तर २.८७. तिन्ही आकडे बातम्यांत आले, तिन्हींना 'उधाण' म्हटलं गेलं, तिन्ही बरोबर. सागरी नकाशांचं शून्य वेगळं असतं कारण खलाशाला कमीत कमी खोली हवी असते. जमिनीच्या नकाशांचं शून्य सरासरी समुद्रपातळीच्या आसपास धरलेलं असतं. वहीत प्रत्येक आकड्यापुढे 'कशापासून' हा रकाना नसेल तर ती वही पाच वर्षांनी रद्दीत घाला.

भरतीमापकावरच सगळं सोडू नये, हेही सांगतो. कॅटरिना चक्रीवादळाच्या वेळी, २००५ मध्ये, किनाऱ्यावरची बरीच मापकं ऐन वेळी बंद पडली. मिसिसिपीतल्या पास क्रिश्चनचा ८.५ मीटरचा आकडा, जो अमेरिकेतल्या सर्वांत उंच उधाणाचा म्हणून सांगतात, तो यंत्राचा नाही, वादळानंतर शोधलेल्या खुणेचा आहे.

पाणसळ

नवखी_लाट ताई, फोन ठेवा खिशात आणि गवंड्याकडून लेव्हल पाइप आणा. पारदर्शक नळी, त्यात पाणी. दोन टोकांचं पाणी कायम एका पातळीत, वीज नको, उपग्रह नको. एक टोक खिळ्याला लावा, दुसरं रस्त्याच्या पुलाच्या कठड्याला किंवा जवळच्या कुठल्याही पक्क्या, न हलणाऱ्या दगडाला. तिथे रेघ मारा. वीस मीटरच्या नळीने टप्प्याटप्प्याने दोनशे मीटर जाता येतं आणि काळजी घेतली तर चूक दोन-चार सेंटीमीटरच्या आत राहते. पुढे कधी सर्वेक्षणाचं भारी यंत्र घेऊन कुणी आलं की त्याने तो एक दगड मोजला तरी तुमच्या सगळ्या खुणांना उंची मिळते.

दोन पथ्यं. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून पाण्यात चिमूटभर रंग टाका, बुडबुडा दिसतो. आणि नळीचं एक टोक उन्हात, एक सावलीत असं फार वेळ ठेवू नका. परत येताना दुसऱ्या वाटेने मोजत या. सुरुवातीच्या खिळ्याशी आकडा जुळला नाही तर कुठेतरी चुकलंय. (गवंडी हे रोज करतात. अभियंत्याला शिकवावं लागतं. मी अभियंता आहे म्हणून बोलतोय.)

पुळणवाट

धुपीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. लांबेल.

पुराची उंची वादळानंतर मोजता येते. धूप वादळानंतर मोजता येत नाही, कारण धूप ही वजाबाकी आहे आणि 'आधी'चा आकडा नसेल तर वजा कशातून करणार? वादळाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर माणसाच्या उंचीचा वाळूचा कडा उभा दिसतो आणि सगळे म्हणतात, किनारा गेला. किती गेला ते कुणालाच सांगता येत नाही. काही भरत्यांत तो कडा ढासळून उतार होतो आणि मग धूप झालीच नव्हती असंही वाटायला लागतं.

शिवाय गेलेली बरीच वाळू फार लांब जात नाही. मोठ्या लाटा ती ओढून समोरच उथळ पाण्यात दांड्यासारखी रचून ठेवतात. शांत ऋतूत लहान लाटा ती पुन्हा हळूहळू वर चढवतात. जायला एक रात्र लागते, यायला महिने, कधी वर्षं. त्यामुळे वादळानंतर लगेच एकदाच मोजलं तर तोटा फुगवून दिसतो. महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने त्याच रेषेवर पुन्हा मोजायला हवं. जी वाळू वस्तीच्या बाजूला वाहून रस्त्यावर पडली किंवा फार खोल पाण्यात गेली, ती मात्र आपसूक परतत नाही.

मोजायला काय लागतं? दोन काठ्या. के. ओ. एमरी नावाच्या समुद्रवैज्ञानिकाने १९६१ मध्ये ही पद्धत मांडली. सारख्या उंचीच्या, सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या ठराविक अंतरावर, समजा दीड मीटरवर, उभ्या धरायच्या. उतार समुद्राकडे असेल तर मागच्या काठीमागे उभं राहायचं आणि पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत दिसेल असं बघायचं. ती नजर मागच्या काठीला जिथे छेदते, ते टोकापासून जितकं खाली, तितका जमिनीचा उतार. मध्ये चढ लागला तर उलट: मागच्या काठीच्या टोकावरून बघायचं आणि पुढच्या काठीवर वाचायचं. वहीत लिहायचं, मागची काठी पुढच्याच्या जागी आणायची, पुढची आणखी पुढे. पक्क्या खांबापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत असंच. दोन माणसं आणि अर्धा तास. काठ्या ओळंब्यात धरा, तिरप्या काठीनेच सगळ्यात जास्त चुका होतात. क्षितिज डोळ्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली असतं, त्याने टप्प्याला एक-दोन मिलिमीटर चूक येते, शंभर मीटरला मिळून दहा सेंटीमीटरच्या आसपास. ती गणिताने काढून टाकता येते.

याचं फळ बघायचं तर सिडनीजवळचा नॅराबीन किनारा. तिथे १९७६ पासून त्याच पाच-सहा रेषांवर साधारण दर महिन्याला मोजणी होतेय, आणि सुरुवात या काठ्यांनीच झाली. जून २०१६ मध्ये मोठं वादळ आलं, एका घराचा पोहण्याचा तलाव उखडून वाळूवर पडला, तो फोटो जगभर फिरला. किनारा काही ठिकाणी पन्नास मीटर मागे हटला होता. हे 'पन्नास' छातीठोकपणे सांगता आलं कारण आधीची वही होती. त्याच वह्यांतून दिसलं की लाटा नेहमीपेक्षा पूर्वेकडून आल्या म्हणून एरवी आडोशाला असणारी टोकं झोडपली गेली. म्हणजे मार नुसत्या लाटेच्या उंचीने ठरत नाही, ती येते कुठून त्यानेही ठरतो.

रेषा निवडताना एक लक्षात ठेवा. संरक्षक भिंत असेल तर भिंतीच्या दोन्ही टोकांपलीकडे एकेक रेषा घ्याच. भिंतीपुढे काय झालं ते सगळे बघतात, भिंत संपते तिथे वळसा घालून पाणी शेजाऱ्याची जमीन खातं ते बघत नाहीत.

शंकासूर

आता मी निम्मे शब्द परत घेतोय. काठ्या कशाला? ड्रोन उडवा, उपग्रहाची चित्रं फुकट आहेत. २०२० च्या दशकात क्षितिजाला टोकं लावत बसायचं?

अक्षांश

ड्रोन माझं रोजचं काम आहे, म्हणून त्याचे दोष मीच सांगतो. ड्रोन फोटो काढतो. उंची त्या फोटोंतले सारखे ठिपके जुळवून काढली जाते. ओली, चकाकणारी वाळू आणि पाणी यांवर जुळवायला ठिपकेच नसतात, म्हणजे नेमक्या पाण्यालगतच्या पट्ट्यात नकाशा लटपटतो. जमिनीवर मोजलेल्या खुणा न ठेवता सरळ खाली बघत फोटो काढले तर अख्खा किनारा वाटीसारखा किंवा घुमटासारखा वाकून येतो, आणि तो इतका सुबक दिसतो की कुणाला संशय येत नाही. मी स्वतः एकदा अशी 'धूप' शोधून काढली होती जी फक्त माझ्या लेन्समध्ये झाली होती. थोडे तिरपे फोटो मिसळले आणि जमिनीवर खुणा पसरून ठेवल्या की हे बरंच सुटतं. पण त्या खुणा मोजायला पुन्हा माणूस लागतोच.

उपग्रहाचं असं. सेंटिनेल-२ चा एक ठिपका म्हणजे दहा मीटर, दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी त्याच जागी. वादळानंतर ढग. रडारचे उपग्रह ढगातून बघतात, पण घरांच्या दाटीत आणि झाडांखाली साचलेलं पाणी त्यांना नीट दिसत नाही. आणि मूळ अडचण मोजपट्टींनी पहिल्याच प्रतिसादात... म्हणजे धाग्यात लिहिलीय: पाणी तासांत उतरतं. उपग्रह वरून जाईपर्यंत बरेचदा सगळं कोरडं असतं.

पण 'आधी' साठी उपग्रह सोनं आहेत, हे कबूल. लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा साठा १९७२ पासूनचा आहे. ज्या गावात कुणी काठी धरली नव्हती तिथेही तीस-चाळीस वर्षांत पाण्याची कड कुठे सरकली ते दहाएक मीटरच्या चुकीत कळतं. भारताच्या मुख्य किनाऱ्याचा १९९० ते २०१८ चा असाच हिशोब चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने केला. त्यात ३३.६ टक्के किनारा धुपणारा, २६.९ टक्के वाढणारा आणि उरलेला स्थिर निघाला. एका वादळाचं उत्तर मात्र त्यातून मागू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय राहिलाच. सिडनीकडच्याच विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागी मोबाइल ठेवायचं धातूचं खोबण बसवलं. येणारा-जाणारा फोन त्यात ठेवतो, फोटो काढतो, पाठवतो. कोन कायम तोच, म्हणून पाण्याची कड मोजता येते. फोटोची अचूक वेळ हवी, कारण त्यावरून त्या वेळची भरती किती होती ते काढून वजा करावं लागतं. खोबण नसेल तर एखाद्या कठड्यावर रंगाने चौकट आखली तरी काम भागतं.

खारवारा

आमच्याकडे वादळात पाऊसही इतका होता की घरात आलेलं पाणी समुद्राचं की वरून वाहत आलेलं यावर अजून वाद आहे. ते कळतं का?

मोजपट्टी

कळतं, पण लवकर बघावं लागतं. दोन्ही एकत्रही येतात. समुद्र चढलेला असला की खाडीची आणि गटारांची तोंडं कोंडली जातात आणि पावसाच्या पाण्याला जायला जागा उरत नाही. अशा वेळी 'कुणाचं पाणी' याचं उत्तर 'दोघांचं' असतं.

खुणा अशा: खारं पाणी बसलेल्या ठिकाणी गवत आणि कोवळी पानं काही दिवसांत करपल्यासारखी तपकिरी पडतात, तीही एका ठराविक उंचीखालीच. भिंत वाळल्यावर मिठाची पांढरी पूड येते, पण जुन्या ओलीनेही ती येते, म्हणून तेवढ्यावर जाऊ नका. डबक्यातल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं पेनाएवढं यंत्र मिळतं. समुद्राचं पाणी सेंटीमीटरला पन्नास हजार मायक्रोसिमेन्सच्या आसपास दाखवतं, पावसाचं फार तर काही शेकड्यांत.

विहिरींचंही त्याच यंत्राने बघा, पण विहीर खारी निघाली म्हणून पंप लावून सारखी उपसू नका. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत उत्साहाने विहिरी उपसल्या गेल्या आणि काही ठिकाणी खालचं खारं पाणीच वर ओढलं गेलं. बेताने साफ करायची, पावसाला वेळ द्यायचा आणि दर पंधरवड्याला वाहकता लिहायची. तोवर प्यायचं पाणी दुसरीकडचं.

पुळणवाट यांचा एक मुद्दा पुढे नेतो. रस्त्यावर आलेली वाळू दुसऱ्याच दिवशी यंत्राने भरून कुठेतरी भरावाला जाते. उचलण्याआधी तिची जाडी चार ठिकाणी खणून मोजा आणि पट्टा कुठवर गेला ते नोंदवा. लाटा कुठून ओलांडून आल्या ते त्या पट्ट्याच्या पंख्यासारख्या आकारावरून दिसतं. आणि जमलं तर ती वाळू पुन्हा पुळणीवरच टाकायला सांगा. ती तिथलीच आहे.

नवखी_लाट

लेव्हल पाइप आणला, चुलतभावाला दुसऱ्या टोकाला उभं केलं. एका बंद घरात (मालकांना विचारून!) भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची ठळक, काळपट, जमिनीपासून २२ सेंटीमीटर. वरची अगदी फिकट, बारीक बिया चिकटलेली, ९४ सेंटीमीटरवर. मी ठळक घेतली. बरोबर ना?

मोजपट्टी

थांबा. उंबरा किती उंच आहे?

पाणसळ

अगदी हेच विचारणार होतो.

नवखी_लाट

मोजून आले. २२. बाहेरचं पाणी उतरलं तरी आतलं उंबऱ्याला अडून राहिलं असणार, म्हणून ती रेघ ठळक. खिळा ९४ ला ठोकलाय, उंबऱ्याची नोंद वेगळी केली. दर्जा 'चांगली' लिहिला. उद्या त्या घराची मागची खोली बघते.